परदेशी नागरिक, मुक्काम मोहाडी तालुका

माझं प्राप्तिकराचं विवरणपत्र अकरा वर्षं माझा धाकटा भाऊ भरत होता. मी जर्मनीत असतो, तो मोहाडी तालुक्यातल्या आमच्या गावात. वडील गेले तेव्हा कळलं, की निवृत्तीच्या पैशातली एक ठेव त्यांनी माझ्या नावानं करून ठेवली होती. तिच्या व्याजातून आईची औषधं यायची. बँक त्या व्याजावर कर कापून घ्यायची आणि तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरावं लागायचं. जुलैत, ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत, भाऊ एका सकाळी चिखलाचे पाय धुऊन मोहाडीला जायचा. तहसील कचेरीसमोर एक म्हातारे गृहस्थ ऑनलाइन अर्ज भरून देत. ते विचारत आणि भाऊ सांगे. भावाच्या मोबाइलवर ओटीपी येई, तो भाऊ वाचून दाखवी आणि झालं. दुपारी मला फोन यायचा, "दादा, तुह्यं रिटर्न भरून टाकलं बरं."

त्या विवरणपत्रात मी भारताचा निवासी होतो, पत्ता गावचा होता आणि खाली प्रतिज्ञा होती, की वरील माहिती खरी आहे. पोचपावतीचा फोटो भाऊ पाठवायचा. मी तो नीट वाचायचो. निवासी हा शब्द मला दिसायचा. मी वर्षातले पंधरा-वीस दिवस सोडले तर भारतात नसतो, हे मला आणि भावालाही माहीत होतं. पण त्याच्या मनात निवासी म्हणजे ज्याचं घर इथं आहे तो. त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी अकरा वर्षांत ते वाक्य बोललो नाही.

सात वर्षांपूर्वी त्यात आणखी एक खोटं मिळालं. मी जर्मनीचं नागरिकत्व घेतलं. त्याचं कारण मोठं नाही आणि ते मोठं करून सांगण्याचा मोह मी टाळतो. छापखान्याची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याचा मी तंत्रज्ञ आहे. यंत्र बसवायला देशोदेशी जावं लागतं. दर वेळी व्हिसासाठी थांबायचा कंटाळा आला होता. बायको आणि मुलगी आधीच तिकडच्या झाल्या होत्या. एका सकाळी नगरपालिकेच्या खोलीत उभं राहून मी चार ओळी म्हटल्या, कॉफी प्यालो आणि कामावर गेलो. भारतीय पासपोर्ट परत केला. गावी कोणाला कळवलं नाही.

कळवलं नाही, कारण मी निघालो तेव्हा भावाला म्हटलं होतं, "पाच वर्षं. मग मी येतो, मग तू जा." त्याला तेव्हा नागपूरला एका गोदामात चांगली नोकरी लागत होती. आईवडिलांपाशी कोणी तरी हवं म्हणून त्यानं ती सोडली. पाच वर्षं संपली तेव्हा मी काही बोललो नाही आणि त्यानंही आठवण करून दिली नाही. आता तो सत्तेचाळीस वर्षांचा आहे, धान पिकवतो आणि गावचा पोलीस पाटील आहे. गावात कोण राहतो, कोण बाहेर गेला, हे सरकारला सांगणं त्याच्या कामातच येतं.

गेल्या वर्षी मोहाडीच्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी डोळ्यांमुळे काम बंद केलं. मी जुलैत तीन आठवडे गावी येणार होतोच. भाऊ म्हणाला, "आता तू आला तं भंडाऱ्यालेच जाऊ. तिथं एक सीए मॅडम आहेत, चांगल्या म्हणतेत." रोवणीला दहा बाया सांगितलेल्या होत्या, परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून बांधीत, शेताच्या तुकड्यात, टाकलेले होते. ते सगळं बायकोवर सोपवून तो माझ्याबरोबर निघाला.

मॅडम चाळिशीच्या आसपास असाव्यात. बोलणं मऊ, पण प्रश्न एकामागून एक.

"मागच्या आर्थिक वर्षात भारतात किती दिवस होते जी?"

"एकोणीस," मी म्हणालो.

"तो तिकडं कामाले आहे जी," भाऊ म्हणाला. "घर इथंच आहे त्याचं."

"घर असू द्या. कायदा दिवस मोजते." त्यांनी पडद्यावर जुनी विवरणपत्रं उघडली. "हे सगळे 'सहज' फॉर्म आहेत. ते निवासी लोकांचे असतात. कोणी भरले?"

"मीच भरत होतो," भाऊ म्हणाला. ताठ बसून म्हणाला. "एक वर्ष चुकवलं नाही मॅडम. बाबा गेले त्या वर्षीपासून भरतो."

मॅडमनी मान हलवली आणि पासपोर्ट मागितला.

मी विमानतळावर एक कापडी खोळ विकत घेतली होती, गडद निळी. सहा वर्षं माझा पासपोर्ट तिच्यात होता. गावी आलो, की तो बॅगेच्या आतल्या कप्प्यातून बाहेर येत नसे. मी तो खोळीसकट टेबलावर ठेवला. मॅडमना त्याची प्रत काढायची होती, त्यांनी खोळ काढली. पासपोर्ट तांबड्या रंगाचा.

भाऊ पुढे वाकला. माझा पहिला, निळा पासपोर्ट त्यानं पाहिलेला होता. त्या पासपोर्टाच्या चौकशीला पोलीस आले तेव्हा त्यांच्यासाठी चहा त्यानंच आणला होता.

"रंग बदलवला काय सरकारनं?" त्यानं विचारलं.

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. सांगणं त्यांना सोपं होतं, पण ते त्यांनी माझ्यावर सोडलं. मी टेबलाच्या काचेखालच्या कॅलेंडरकडे पाहत म्हणालो, "मी तिकडचा नागरिक झालो. सहा वर्षं झाली."

भाऊ मागे सरकून बसला. मला वाटलं, तो उठून जाईल. त्यानं मॅडमना विचारलं, "मंग आता फॉर्म कोणता लागते जी?"

मॅडमनी समजावून सांगितलं. अनिवासी परदेशी नागरिकाचा फॉर्म वेगळा असतो. कोणत्या देशात राहता, तिथला कर क्रमांक काय, भारतात किती दिवस होता, भारतीय वंशाचे आहात का, हे सगळं त्यात लिहावं लागतं. बँकेलाही कळवावं लागेल, ठेवीचं खातं बदलावं लागेल. मागची काही विवरणपत्रं दुरुस्त करता येतील, त्याआधीची तशीच राहतील.

"आन पैशाचा काय फरक पडते?" भावानं विचारलं.

"काहीच नाही. व्याज थोडं आहे. खरं लिहिलं असतं तरी कापलेला कर परत मिळालाच असता."

"म्हणजे आपण फुकटच खोटं लिहिलं."

"हो," मॅडम म्हणाल्या. त्यांना तो शब्द तितका कडू म्हणायचा नसावा. मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणखी एक सांगते. यांचं नाव रेशन कार्डावर आहे काय?"

"आहे नं," भाऊ म्हणाला. "मतदार यादीतपण आहे. मी पोलीस पाटीलच आहे नं गावचा."

"ते काढा. विवरणपत्रात परदेशी नागरिक आणि गावच्या कागदावर रहिवासी, हे दोन्ही चालणार नाही. उद्या कोणी विचारलं तर हे विमानात बसून जातील. उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. तुम्ही पोलीस पाटील आहात म्हणता, तुम्हाला तर आधी विचारतील."

भाऊ हसला. काही तरी बोलायचं म्हणून माणूस हसतो, तसा. मी मात्र त्या क्षणी पोलीस पाटलाच्या पदाचा विचार करत नव्हतो. रेशन कार्ड आईच्या नावावर आहे. तिच्या सहीशिवाय कोणाचं नाव कमी होत नाही. भावाला मोकळं करायचं तर मला आईला सांगावं लागणार होतं.

परतताना भाऊ मोटारसायकल चालवत होता आणि मी मागे बसलो होतो. वरठीच्या पुढे त्यानं गाडी कडेला घेतली आणि बंद केली. शेजारच्या बांधीत बाया वाकून रोवत होत्या.

"शपथ घ्या लागते काय रे तिथं?" त्यानं विचारलं.

"हो."

"काय म्हणा लागते?"

मी सांगितलं. त्या देशाची घटना आणि कायदे मानीन, त्याचं नुकसान होईल असं काही करणार नाही.

"बस? येवढंच?"

"येवढंच."

"मंग त्यात आपल्या घराच्या विरोधात तं काही नाही." त्याला माझ्यासाठी पळवाट सापडली होती आणि ती तो माझ्यापुढे करत होता. मला ती घेता येईना. मग तो म्हणाला, "मंग सांगतलं काहून नाही?"

मी म्हणालो, की तुला वाईट वाटेल म्हणून. ते खरं नव्हतं. खरं आज लिहितो. वर्षातून एकदा कोणी तरी प्रतिज्ञेवर सरकारला लिहून देत होतं, की हा माणूस अजून आपल्या गावातच राहतो. लिहून देणारा माझा भाऊ होता. पोचपावती पाहून मला बरं वाटायचं. तिकडच्या थंडीत, कारखान्याच्या जेवणघरात मोबाइलवर मी ती पुन्हा पुन्हा पाहायचो. मी कुठेच परत जाणार नव्हतो आणि माझ्या वतीनं तो राहत होता. हे थांबू नये म्हणून मी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोहाडीच्या तहसील कचेरीत मतदार यादीचा अर्ज दिला आणि रेशन कार्डासाठी पुरवठा शाखेत गेलो. खिडकीमागचा कारकून भावाच्या ओळखीचा होता.

"या पाटील. कोणाचं नाव वाढवता?"

"वाढवत नाही, कमी करून राहिलो. मोठ्या भावाचं."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मी जिवंत उभा होतो. "कारण काय लिहू? मयत, का लग्न होऊन गेले?"

"परदेशी गेले."

"ते कारण माणसाच्या नावापुढं इथं कोणी लिहीत नाही बाप्पा. जाते तो वापस येते, नाव राहू देतेत." मग पेन फिरवत हसला. "घरजावई झाले म्हणू काय?"

मागे उभे असलेले दोघे-तिघे हसले. भाऊही हसला. कारकुनानं 'स्थलांतर' लिहिलं आणि अर्ज आमच्याकडे सरकवला. "माउलीची सही घेऊन या."

घरी येताना भाऊ फाटकापाशी थांबला. "आईले तू सांग," तो म्हणाला. "मी अकरा वर्षं तुह्या बदल्यात सांगतलं. हे माह्यानं होणार नाही."

आई सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या छपराखाली, सूप घेऊन लाखोरीची डाळ निवडत बसली होती. तिचे कान तिखट आहेत, डोळे मात्र बरेचसे गेले. डाळ ती बोटांनी निवडते. मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो.

"माय, रेशन कार्डावरचं माहं नाव कमी करा लागते."

"काहून? मेला काय तू?"

"नाही वं."

"मंग लग्न करून सासरी चालला?"

आत भावाची बायको हसली, मग एकदम थांबली. तिनं भावाचा चेहरा पाहिला असावा.

आमच्या घरात कार्डावरून नाव दोनदाच कापलं गेलं. एकदा आत्याचं, तिचं लग्न झालं तेव्हा. एकदा वडिलांचं. वडिलांचं नाव तर आईनं दोन वर्षं कापू दिलं नव्हतं, दुकानदार दर महिन्याला आठवण करून द्यायचा तरी. जिवंत माणसाचं नाव कापलं तर त्याचं आयुष्य तुटतं, असं ती मानते. एकटी तीच नाही, आमच्याकडे खूप जणी मानतात. म्हणून गावातले पुण्याला गेलेले, सुरतेला गेलेले, सगळे अजून आपापल्या आईच्या कार्डावर आहेत.

मी तिला सांगितलं. नागरिक म्हणजे काय ते सांगितलं, पासपोर्ट परत दिला ते सांगितलं, फॉर्मात आता परदेशी लिहावं लागेल हेही सांगितलं. ती डाळ निवडत ऐकत होती. एक खडा काढून तिनं अंगणात फेकला.

"तिथं रेशन देतेत काय तुले?"

"तिथं रेशन नसते माय."

"मंग तुह्यं नाव कशावर आहे तिथं?"

"पासपोर्टवर आहे. घराच्या पाटीवर आहे."

"कार्डावर जशी सारी नावं एकाखाली एक असतेत, तसं नाही?"

"नाही. तिथं ज्याचा त्याचा कागद राहते."

"एकट्याचाच?"

"एकट्याचाच."

"मंग इथलं राहू दे," आई म्हणाली. "इथं तं पाच जणं आहेत संग."

मी अर्ज तिच्या हातात दिला नाही, देऊ शकलो नाही. मी भावाकडे पाहिलं. इतकं बोलल्यावरही उरलेलं काम मी त्याच्यावरच टाकलं. तो खाली बसला आणि म्हणाला, "माय, सही दे. तू नाही दिली तं मी अडकतो. पाटीलकी जाते माही. मी खोटं लिहून देत होतो सरकारले."

"तू खोटं लिहिलं?"

"मले माहीत नव्हतं."

"याले माहीत होतं?"

मी "हो" म्हणालो.

आईनं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि पेन मागितला. प्रौढ शिक्षण वर्गात शिकलेली सही ती सावकाश, एकेक अक्षर तोंडानं म्हणत करते. त्या दिवशी तिनं काही म्हटलं नाही. भावानं तिचं बोट रेघेवर ठेवून दिलं. सही रेघेच्या खाली उतरली.

"याच्यासाठी देऊन राहिली मी," ती म्हणाली आणि हात भावाच्या गुडघ्यावर ठेवला. मग सूप पुन्हा ओढून घेतलं.

मी तिथंच बसून राहिलो. वाटलं, ती काही तरी लागेलसं बोलेल, शिव्या देईल, रडेल. तिनं आत हाक मारून सुनेला विचारलं, की बाया जेवल्या काय, उद्या किती बांध्या उरतात. भावाची बायको म्हणाली, चार. मग त्या दोघी उद्याच्या रोवणीचं बोलत राहिल्या. मी उठून गेलो तेही बहुतेक आईला कळलं नाही.

दोन दिवसांनी भंडाऱ्याला जाऊन विवरणपत्र भरलं. भाऊ आत आला नाही, बाहेर चहाच्या टपरीवर थांबला. मॅडम एकेक रकाना वाचत गेल्या आणि मी सांगत गेलो. निवासी की अनिवासी. नागरिकत्व. राहण्याचा देश. भारतात मागच्या वर्षी एकोणीस दिवस, त्याआधीच्या वर्षांत किती, तेही पासपोर्टावरचे शिक्के पाहून मोजलं. इतक्या वर्षांत मी आईजवळ किती दिवस राहिलो, याची बेरीज पहिल्यांदाच माझ्यासमोर आली. पडद्यावर ती एक साधी संख्या होती. मॅडमनी ती टाकली आणि पुढच्या रकान्यावर गेल्या. ओटीपी या वेळी माझ्या ईमेलवर आला. प्रतिज्ञेत सगळं खरं होतं. खरं लिहिल्यावर हलकं वाटेल, असं मी ऐकत आलो होतो. मला तसं काही वाटलं नाही.

मागची जी विवरणपत्रं दुरुस्त होत होती, ती मॅडमनी केली. त्याआधीची सरकारी यंत्रात तशीच आहेत. तेवढ्या वर्षांपुरता मी कायमचा मोहाडी तालुक्याचा निवासी आहे. ते बदलता येत नाही आणि कोणी मला त्याबद्दल विचारतही नाही.

भावाची पाटीलकी राहिली. कोणी चौकशीला आलं नाही, बहुधा येणारही नव्हतं. तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो, पावसाचं, धानावरच्या तुडतुड्याचं, बोडीच्या, म्हणजे शेतातल्या तळ्याच्या, फुटलेल्या पाळीचं. फक्त तो आता माझं मत विचारत नाही. पूर्वी बैल विकायचा झाला तरी विचारायचा, मला बैलातलं काही कळत नसतानाही. या वर्षी त्यानं घराचं छप्पर बदललं, ते मला फोटो पाहून कळलं.

आई आधी प्रत्येक फोनला एकच विचारायची, "कधी येतो?" मी काही तरी सांगायचो, दिवाळीत, पुढल्या उन्हाळ्यात, आणि फोन ठेवल्यावर अर्धा तास कशात लक्ष लागायचं नाही. आता ती तो प्रश्न विचारत नाही. जेवला काय, थंडी आहे काय, पोरगी बरी आहे काय, इतकं विचारते आणि फोन भावाच्या हातात देते. तिचा आवाज गोड असतो. लांबच्या नातेवाइकांशी ती अशीच बोलते, मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

या जुलैचं विवरणपत्र मी इथून भरलं, मॅडमना कागद पाठवून. पंधरा मिनिटं लागली. गावी कोणाला फोन करावा लागला नाही. त्या दिवशी रविवार होता, आईला फोन केला तेव्हा ती तेच तीन प्रश्न विचारून थांबली. मी वाट पाहिली, की ती चौथा विचारते काय. तिनं नाही विचारला. आणि मला सुटल्यासारखं वाटलं. मी हे लिहून ठेवतो आहे, कारण माझ्या हातून झालेल्या सगळ्यांत वाईट गोष्टी मी करताना मला असंच वाटलं होतं.